मुंबईची कॅथी

"अगं वंदना, काल रात्री बारा वाजले तरी तुमच्याकडे दिवा?"

"सिनेमा बघत बसले होते हो काकू. 'वदरिंग हाइट्स'. 1939 चा, कृष्णधवल."

"एमिली ब्रॉन्टेचं ना? आम्हाला बी.ए.ला होतं. कॅथी मरते, मग तिची मुलगी, तिच्या प्रियकराचा, त्या हीथक्लिफचा मुलगा, त्या दोघांचं बळंच लग्न..."

"मुलंबिलं काही नाहीत यात. कॅथी गेली की आटोपलंच. पुढची अर्धी कादंबरी गुंडाळून ठेवलीय."

"अगं, सगळा सूड तर तिथेच होता!"

"आता नुसतं प्रेम. आणि घेरदार झगे! गोष्ट अठराव्या शतकाच्या अखेरची, पण निर्माते गोल्डविनसाहेबांनी ती एकोणिसाव्यात ओढली. त्या काळचे कपडे त्यांना जास्त आवडायचे म्हणे. यॉर्कशायरचा माळही कॅलिफोर्नियातला. शेवटी कॅथी आणि हीथक्लिफची भुतं जोडीनं चाललेली. दिग्दर्शक वायलर म्हणाला, मी नाही हे काढणार. साहेबांनी दुसऱ्याकडून काढून घेतलं, तेही डुप्लिकेट उभे करून. पाठमोरेच तर दिसतात, कोण ओळखतंय?"

"धन्य आहे!"

"थांबा, खरी बातमी पुढेच आहे. कॅथी झालेली मर्ल ओबेरॉन आपल्या मुंबईची! 1911 चा जन्म. अँग्लो-इंडियन, पुढे कलकत्त्यात वाढली. पण हे कळलं असतं तर तेव्हा हॉलिवूडमध्ये नायिका कोण करतंय? टास्मानियात जन्मले, असं जन्मभर ठोकून दिलं तिनं."

"आणि घरचे?"

"आई म्हणून जिनं वाढवलं ती शार्लट, सावळी. लंडनच्या घरी पाहुणे आले की तिला मोलकरीण म्हणून पुढे करायची, असं म्हणतात."

"स्वतःच्या आईला!"

काकूंच्या हातातली कोथिंबिरीची जुडी तशीच राहिली.

"ती तरी आई कुठे? आजी निघाली! जिला मर्ल सावत्र बहीण समजत होती ती खरी आई, तीही पोरसवदा. मर्ल 1979 मध्ये गेली, त्यानंतर हे सगळं बाहेर आलं."

"कादंबरीपेक्षा हेच भारी आहे गं."

"आणि कादंबरीत सावळा कोण? हीथक्लिफ! लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेला. हिंदुस्थानी खलाशाचं पोर असावं, असं एक पात्र म्हणतंसुद्धा. त्याच्या जागी घेतला गोरापान लॉरेन्स ऑलिव्हिए. त्याला कॅथी म्हणून हवी होती त्याची व्हिव्हियन ली. ती दार्जिलिंगची जन्मलेली, बरं का! तिला दुय्यम काम देऊ केलं, तिनं नाकारलं, आणि त्याच साली 'गॉन विथ द विंड' करून ऑस्कर मिळवलं."

"मग मर्लचं नि त्याचं कसलं जमतंय!"

"छे! प्रेमाच्या प्रसंगात हा थुंकी उडवतो, अशी तक्रार केली म्हणे तिनं. पडद्यावर मात्र कळत नाही हो. ती खिडकीपाशी त्याच्या मिठीत जीव सोडते ना, तिथे मी रडले."

"आपल्याकडे दिलीपकुमारनं केला होता यावरून एक. 'दिल दिया दर्द लिया'."

"1966 चा. वहिदा रहमान त्यात."

"आणि प्राण! काय छळतो गं तो त्या दिलीपला. तो सिनेमा आहे का तुमच्याकडे? मग आज रात्री मीच येते."