मार्चनंतरचे तात्या

आमच्या कवठे येमाईत माणसाचं धाडस तपासायचं असेल तर रात्रीच्या लाइटीला त्याला उसात पाठवावं. जांबुत-पिंपरखेडपासून इकडं सगळ्या पट्ट्यात बिबट्याचा वावर. तरी मोटर चालू झाली की तात्या बॅटरी, काठी घेतात, मोबाईलवर मोठ्यानं भजन लावतात आणि दारं धरायला निघतात. पण त्याच मोबाईलवर भजनाच्या मधेच ‘टिंग’ वाजून बँकेचा मेसेज आला, की तात्या गारठतात. नातीनं वाचायला घेतला तर म्हणतात, “राहू दे गं. मार्चनंतर बघू.”

मार्चनंतर सप्ता येतो, लग्नसराई येते, मग पेरण्या. दसऱ्यानंतर कारखाना पेटला की ऊसतोडीची टोळी मिळवायची धावपळ. तेवढ्यात पुढचा मार्च दारात. तात्यांच्या पैशाकडं बघायला पंचांगात मुहूर्तच नाही.

माणूस अडाणी आहे म्हणावं तर तसंही नाही. हरिनाम सप्त्याचा जमाखर्च इतकी वर्षं तात्यांकडंच आहे. काल्याच्या दिवशी माईकवर वाचतात, तेव्हा पत्रावळ्या, गूळ, मंडपवाल्याचा इसार आणि आचाऱ्याच्या विडीकाडीचासुद्धा आकडा असतो. मागं एकदा 40 रुपये जास्त भरत होते, तर त्या 40 रुपयांचा धनी शोधायला दोन दिवस वाड्या-वस्त्या फिरले. घरच्या हिशोबाचं विचारलं की मात्र कपाळावर बोट ठेवतात: “सगळं हितं हाय.” तिथं नेमकं काय आहे, हे काकींनाही कधी कळलं नाही.

कागदं आहेत खताच्या दुकानातून मिळालेल्या पिशवीत. ती माळवदाच्या खोलीत खुंटीला टांगलेली. पारगावच्या भीमाशंकर कारखान्याच्या वजनाच्या पावत्या, सोसायटीचा भरणा, विम्याचे हप्ते, तीन पिढ्यांचे सातबारा आणि शेवटी कधी छापलं ते पासबुकालाही आठवत नसेल असं पासबुक. नवा कागद आला की तात्या पिशवीचं तोंड जरा किलकिलं करतात, मान दुसरीकडं फिरवतात आणि कागद आत सोडतात. पिशवीत साप ठेवलाय की काय असं वाटावं.

तात्यांचा खरा पराक्रम म्हणजे ‘नवं-जुनं’. आमच्याकडं हे सांगायची गरज नाही, पण पुण्यात राहणाऱ्यांसाठी सांगतो. सोसायटीचं पीक कर्ज वेळेत भरलं तर 3 लाखांपर्यंतचं व्याज केंद्र आणि राज्य सरकार मिळून उचलतात, म्हणजे शेतकऱ्याला ते शून्य टक्क्यानं पडतं. योजना चांगली आहे, तक्रार नाही. मार्च आला की तात्या कुणाकडून तरी हातउसने आणतात, जुनं कर्ज भरतात, नवं उचलतात आणि उसने परत करतात. मुद्दल जागच्या जागी. उसने देणारा सोयरा असला तर ठीक. नसला तर शेकडा तीन. म्हणजे लाखाला महिन्याचे 3 हजार. शून्य टक्क्याचं कर्ज टिकवायला वर्षाला 36 टक्क्यांच्या दरानं पैसे आणणारा माणूस जगात दुसरीकडं कुठं सापडेल मला माहीत नाही. आमच्या चावडीवर मात्र एका बाकावर चार बसलेले असतात, आणि “औंदा नवं-जुनं झालं बाबा एकदाचं” म्हणत एकमेकांना चहा पाजतात.

त्यात तात्यांचा स्वभाव जामीनदाराचा. कुणी फॉर्म पुढं केला की पेन काढायचा. “नुसती सही तर हाय.” कर्जदार देणं लागतो तेवढंच जामीनदारही लागतो, हे 1872 च्या करार कायद्यात लिहिलेलं आहे. दीडशे वर्षांत ते तात्यांपर्यंत पोचलं नव्हतं. पोचवलं मुलानं. तो रांजणगावच्या एमआयडीसीत आहे. शिरूरला फ्लॅट घ्यायचा म्हणून बापलेकाच्या नावानं कर्ज मागायला गेला आणि तात्यांचा क्रेडिट रिपोर्ट निघाला. असा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. तात्या म्हणाले, “फुकट मिळतो तर चांगला तरी द्यायचा.” त्यात एका पाव्हण्याचा ट्रॅक्टर थकलेला होता. पाव्हणा कधीच वारला होता. तात्या त्याच्या दहाव्याला जाऊनही आले होते.

त्या रात्री काकींनी पिशवी खुंटीवरून काढली. काकी बचत गटाच्या सचिव. गटातल्या बायकांचा महिन्याचा हप्ता, अंतर्गत कर्ज, उशिरा आल्याचा दंड, सगळं त्यांच्या वहीत लाल-निळ्या शाईत. इतकी वर्षं त्यांनी या पिशवीला हात लावला नाही, कारण “पुरुष माणसाचं असतं, आपण कशाला.” त्या दिवशी सतरंजीवर पिशवी उपडी केली आणि म्हणाल्या, “आवो, बसा इथं. मी वाचते, तुम्ही नुसतं हो-नाही म्हणा.”

मी दूध द्यायला गेलो होतो तो तिथंच बसलो. तात्या आधी पाणी प्यायले, मग गोठ्यात जाऊन आले, मग चष्मा सापडेना. चष्मा डोक्यावर होता. वहीत एका बाजूला देणं, एका बाजूला येणं. प्रत्येक आकड्याला तात्या डोळे मिटायचे आणि काकी शांतपणे पुढचा कागद घ्यायच्या. मधेच एक चिठ्ठी निघाली. कुणीतरी तात्यांकडून बियाण्याला नेलेले पैसे, जे दोघंही विसरले होते. तात्यांना असा हुरूप आला, की पुढची पंधरा मिनिटं ते फक्त येण्याच्याच चिठ्ठ्या शोधत होते. शेवटी बेरीज झाली. तात्यांनी ती एका डोळ्यानं पाहिली, मग दुसऱ्या. “एवढंच?” म्हणाले. मनात त्यांनी किती धरलं होतं कुणास ठाऊक. दोन एकर विकूनही फिटणार नाही असं काहीतरी असावं. काकींनी लगेच बजावलं, “एवढंच म्हणू नका. शेकडा तीनचं आधी फेडायचं, ऊसबिल आलं की पहिलं तेच. आणि पेन माझ्याकडं द्या.”

दुसऱ्या दिवशी दोघं बँकेत, पासबुक छापायला. एकाच पासबुकात मावेना, दुसरं काढावं लागलं. तात्यांना एकच धसास लावायचं होतं. दरवर्षी मेअखेर खात्यातून 20 रुपये जातात. आधी 12 जायचे, 2022 पासून 20. बँक गरिबाला लुटते याचा हा पुरावा त्यांनी चहाच्या टपरीवर शंभरदा दिला होता. क्लार्कनं फॉर्म दाखवला, खाली तात्यांचीच सही.

“सुरक्षा विमा आहे, तात्या. अपघातात माणूस गेला तर घरच्यांना 2 लाख.”

“मंग मला काय उपयोग?” तात्या म्हणाले.

काकी काउंटरवर वाकल्या. “आणि एक हात किंवा पाय गेला तर?”

“तर 1 लाख.”

“पैसे कुणाच्या खात्यावर येतात?”

तात्यांनी वळून काकींकडं पाहिलं. मग क्लार्कच्या हातातून दोन्ही पासबुकं घेतली आणि बंडीच्या आतल्या खिशात घातली. हल्ली दर महिन्याला स्वतः जाऊन छापून आणतात.