विदेची पाठवणी

‘डेटा’ला मराठीत ‘विदा’ असा प्रतिशब्द आहे. याच शब्दाचा जुना अर्थ निरोप. पाहुण्याला विदा करतात. समाजसेवेच्या क्षेत्रात दोन्ही अर्थ एकदमच लागू पडतात. येथे विदा म्हणजे गावात गोळा करून शहराकडे रवाना केलेली माहिती. सासरी गेलेली लेक निदान पंचमीला माहेरी येते. विदा गावी परतल्याचे सहसा आढळत नाही.

संस्था पूर्वीही आकडे ठेवत आणि धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब देत. विदेला खरा बहर आला तो कंपनी कायदा, २०१३ मुळे. त्यातील कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. २०२१ पासून, ज्या कंपन्यांवर ही जबाबदारी सरासरी १० कोटी रुपये किंवा अधिक आहे, त्यांना १ कोटी व त्यावरील प्रकल्पांचे परिणाम-मूल्यमापन त्रयस्थाकडून करून घ्यावे लागते. हेतू चांगला आहे: पैसा कुठे गेला आणि त्याने काय साधले, हे कळावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पावत्यांत मिळते. दुसरा प्रश्न अवघड असल्याने त्याजागी ‘किती जणांसाठी झाले’ हे सांगण्याची प्रथा पडली.

यातूनच लाभार्थी हे एकक जन्मले. ते माणसापेक्षा मोठे असते. एकच बाई शिवणवर्गाला, पोषणाच्या सत्राला आणि आरोग्य शिबिराला आली, तर तीन लाभार्थी होतात, कारण हजेरीपत्रके तीन असतात. हे प्रत्यक्ष लाभार्थी. घरटी पाच माणसे धरून गुणले की अप्रत्यक्ष लाभार्थी निघतात. अशा रीतीने एका बाईचे पंधरा होतात, आणि तिला वर्गाला जाऊ न देणारी सासूही कागदोपत्री तीनदा सक्षम होते. बेरीज तालुक्याच्या लोकसंख्येपुढे गेल्यास आकड्याला हात लावत नाहीत. ‘तालुका’ खोडून ‘परिसर’ लिहितात.

विदा गोळा करण्याचे काम गावातल्या कार्यकर्तीकडे असते. देणगीदार तीन असतील तर नमुनेही तीन: रजिस्टर, छापील फॉर्म आणि मोबाइलमधले अ‍ॅप. बाळाचे वजन भरल्याशिवाय अ‍ॅपचे पुढचे पान उघडत नाही. वजनकाटा बिघडलेला असतो, बाळ रडत असते, आईला रोजंदारीवर जायची घाई असते आणि रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्यावरच येते. अशा वेळी मागच्या वजनात दोनशे ग्रॅम मिळवले की पान उघडते. मुख्य कार्यालयाच्या पडद्यावर ते बाळ दरमहा नेमाने दोनशे ग्रॅमने वाढत राहते. आलेखाची रेषा सरळ वर चढते आणि प्रकल्पाचा सत्कार होतो. काटा दुरुस्त करायचा राहतो, कारण तो बिघडल्याची नोंद करायला अ‍ॅपमध्ये रकाना नसतो.

पुढे ही विदा एक्सेलमधून डॅशबोर्डवर चढते. तेथे हिरवा, पिवळा व लाल असे तीन रंग असतात. लाल म्हणजे जिथे काम अडले आहे ते ठिकाण. म्हणजे पैसा आणि माणसे खरी तिथेच पाठवायला हवीत. परंतु लाल दिसला की पुढचा हप्ता अडेल, अशी भीती असल्याने मार्चअखेरपर्यंत सर्व गावे हिरवी होतात. आकड्यांनी ज्यांचे समाधान होत नाही, त्यांच्यासाठी यशोगाथा असते. तिच्यातील फोटोत बाईने हसावे, मात्र बेताने. फारच हसली तर पुढच्या वर्षीच्या निधीची गरज सिद्ध करणे जड जाते.

विदा गावी परतत नाही, या नियमाला अपवाद आहेत. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून निघणाऱ्या ‘असर’ अहवालासाठी स्वयंसेवक घरी जाऊन मुलांना अक्षरे, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट वाचायला देतात. हीच सुटसुटीत चाचणी ‘प्रथम’च्या वर्गांत मुलांचे गट पाडायला वापरतात. इयत्ता न बघता जे वाचता येते तिथून शिकवणे सुरू होते.

दुसरा अपवाद गडचिरोलीचा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने निरक्षर दाईंसाठी मण्यांचे एक साधन तयार केले. सोबत एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजून उपचार सुरू करायचे. येथे मोजणारी, समजणारी आणि निर्णय घेणारी व्यक्ती एकच असते. संस्थेने पुढे घरोघरी नवजात बालकांची सेवा ३९ गावांत सुरू केली, तेव्हा जिथे ही सेवा नव्हती अशा गावांतही मृत्यू मोजले. तुलनेशिवाय फरक कळत नाही. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मण्यांच्या पद्धतीत व्यवस्थापनाच्या दृष्टीने दोन उणिवा राहतात. लाल मणी हिरवा करून दाखवता येत नाही, आणि दाईला मार्चअखेरपर्यंत थांबता येत नाही.