मोटारीचा इनबॉक्स

मानवत रोड स्टेशनवर उतरलेल्या नवख्या माणसाला मानवत दिसत नाही. गाव लांब आहे. पाथरीला साईबाबांच्या मानल्या जाणाऱ्या जन्मस्थानाकडे निघालेले भाविकही इथंच उतरतात, आणि रिक्षावाल्याशी भाव करता करता त्यांची श्रद्धा आणि सबुरी दोन्ही कामाला लागतात. मी मात्र देवदर्शनाला नव्हे, मामांच्या विहिरीवरच्या मोटारीला बघायला आलो होतो.

"अ‍ॅप उघडतंय, बटण दाबलं की मेसेज गेला म्हणतंय. पण मोटार हूं नाही की चूं नाही," मामांनी फोनवर सांगितलं होतं. "तू कम्प्युटरमधला. ये दोन दिवस. हुरडा बी खाऊन जा." मी कम्प्युटरवर पगारपत्रकं करतो. पण मामांच्या लेखी कम्प्युटर आणि मोटार ही सख्खी भावंडं, आणि हुरडा म्हटल्यावर मीही फार खुलासा केला नाही.

शेतीची थ्री-फेज लाईट पाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. परभणीच्या थंडीत रात्री दोनला हरभऱ्याच्या रानात मोटार चालू करायला जायचं म्हणजे हातात बॅटरी, पायाखाली काय असेल ते देव जाणे, आणि बांधाच्या पलीकडे रानडुकरं. या त्रासावर पुण्याच्या संतोष ओस्तवालांनी 'नॅनो गणेश' काढलं, घरबसल्या मोबाईलवरून पंप चालू-बंद करायचं यंत्र. २००९ मध्ये त्याला नोकियाच्या स्पर्धेत बक्षीसही मिळालं. आता असल्या पेट्या नाना कंपन्यांच्या मिळतात. मामांच्या पेटीवरचं नाव उन्हानं पुसून गेलंय.

काम सोपं. पेटीत एक सिम. त्याला एसएमएस आला की बोर्ड तो वाचतो, रिले खट्कन लागतो, मोटार चालू होते आणि उलट मेसेज येतो. अ‍ॅप म्हणजे नुसतं बटणाचं सोंग, आतून साधा एसएमएसच.

विहिरीवर आमच्या आधीच पाच-सहा जण हजर. रात्री कुणाला रानात यावं लागू नये म्हणून घेतलेल्या यंत्रासाठी भरदिवसा अर्धी आळी रानात. एकाचं मत, डीपीवरचा फ्यूज गेलाय. दुसऱ्याचं, टॉवरचं तोंड फिरलंय. शेजारच्या पोरानं सुचवलं, "मामा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून बघा ना." हे पोर पुढं मोठ्या हुद्द्यावर जाणार.

"तुम्ही हातानं काही मेसेज पाठवला होता का?"

"व्हय. 'चालू हो की माय' म्हणून."

या बोर्डाला ठरलेला इंग्रजी शब्दच लागतो, देवनागरीतल्या विनवण्या त्याला कळत नाहीत, हे मी समजावलं. मामांना ते पटलं नाही. बैलाला कळतं म्हणाले.

पेटी उघडली. कोपऱ्यात कुंभारमाशीनं मातीचं पक्कं घर बांधलेलं. बोर्डावरचा बारका दिवा तीन-तीन सेकंदांनी लुकलुकत होता, म्हणजे नेटवर्क सापडलेलं. सेकंदाला लुकलुकला असता तर अजून शोधतोय असं समजायचं. त्या नंबरला फोन लावला तर रिंगही गेली. रिचार्ज होता. पेटीत नोंदवलेला मामांचा मालक-नंबर बरोबर होता. शेवटी सिम काढून मामींच्या बटणाच्या फोनात घातलं, आणि पडद्यावर आलं: मेसेजसाठी जागा नाही.

सिमवर वीस-पंचवीसच्या आसपास मेसेज मावतात. ते सगळे कंपन्यांनी भरलेले. मी मोठ्यानं वाचत गेलो आणि आळी ऐकत गेली. मोटारीला कॉलर ट्यून देऊ केली होती. क्रिकेटचा स्कोअर कळवला होता. आजचं राशिभविष्य होतं. आणि 'प्रिय ग्राहक, आपणास पाच लाखांचं कर्ज पूर्वमंजूर'. मामांनी तो मेसेज परत वाचायला लावला.

सगळं पुसलं, सिम लगेच पेटीत टाकलं. दिवा लुकलुकला. आणि दोन-तीन दिवस तिकडे अडकून पडलेले मामांचे हुकूम ओळीनं यायला लागले. खट्! पाइपातून पाणी उसळलं, पोर भिजलं. खट्! बंद. खट्! चालू. मामांच्या खिशात फोन टुणटुण करायला लागला.

"हा परवा रात्रीचा," मामा ओळख पटवत म्हणाले. "हा पहाटेचा. हा तुझ्या मामीनं पाठवलाय."

मोटार जळायच्या आत मी मेन स्विच पाडला.

पुन्हा हे होऊ नये म्हणून जाहिराती बंद करायच्या होत्या. त्यासाठी त्याच सिमवरून १९०९ ला 'स्टार्ट शून्य' असा मेसेज धाडावा लागतो. बंद करायला स्टार्ट का, हे आळीनं मला विचारलं. मी दूरसंचार नियामक ट्रायकडे बोट दाखवलं. सिम परत मामींच्या फोनात घालून मेसेज धाडला. उत्तर आलं की सात दिवसांत सेवा लागू होईल.

मामांनी हिशेब केला. "म्हणजे सात दिवस हिला कर्ज मिळू शकतंय."

"मामा, ते मोटारीला नसतं."

"नसू दे. मला तर बँक दारात उभी करीना. हिच्या नावावर तरी घेऊन बघतो."