मेयोतली वसुबारस

जोडून सुट्टी आली की पुणेकर लोणावळ्याला निघतो. त्याच मुहूर्तावर मुंबईकरही लोणावळ्याला निघतो, आणि सुट्टी संपेपर्यंत दोघंही खंडाळ्याच्या घाटात पुढच्या गाडीचा लाल दिवा बघत बसतात. मागे उरलेले चार शहाणे रिकाम्या कर्वे रस्त्यावरून स्कूटर चालवण्याचं सुख घेतात. मी त्या चारांतला. सुट्टीत घराबाहेर पडणं माझ्या तत्त्वात बसत नाही. पण 2024 च्या दिवाळीत मुक्काम मुलगी-जावयाकडे होता. आयर्लंडचा पश्चिम किनारा, मेयो परगणा, कॅसलबारजवळचं एक खेडं. तिथे तत्त्वांना कोण विचारतो!

ऑक्टोबरचा शेवटचा सोमवार म्हणजे तिथला बँक हॉलिडे. कोणाची जयंती, असं मी जावयाला विचारलं. कोणाचीच नाही. मग पुण्यतिथी? तीही नाही. 1977 पासून सुट्टी आहे, म्हणून आहे. ना पुतळा, ना हार, ना अध्यक्षीय भाषण. अशी निर्मळ सुट्टी मी जन्मात पाहिली नव्हती. डब्लिनला नोकरीला असलेली पोरं शुक्रवारी रात्रीच गावात आली. गणपतीला चाकरमानी कोकणात उतरतात, तशी. सुट्टीत लोक घरातून पळण्याऐवजी घरी येतात, हे पाहून मला जरा बरं वाटलं.

गावातला रस्ता एका गाडीपुरता, मधोमध गवत. समोरून गाडी आली की चालक स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. हात नाही, फक्त तर्जनी, तीही अर्धीच. पुण्यात स्टिअरिंगवरचा हात उचलला गेला की पाठोपाठ कुळाचा उद्धार येतो, म्हणून मी सवयीने काच वर केली. जावई म्हणाला, "बाबा, ते नमस्कार करतायत." ओळख? ओळख काही नाही. पुण्यात ओळख असली तरी आपण दुकानाची पाटी वाचत असल्यासारखं करतो.

माणसं भेटली की दुसरा प्रश्न ठरलेला: लिओ वराडकर तुमच्यातले का? वराडकर 2017 साली तिथले पंतप्रधान झाले. वडील मुंबईहून गेलेले डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. आम्ही पुण्याचे, ते मालवणचे, हा फरक मी सुरुवातीला नकाशा काढून समजावला. नंतर "हो, आमच्या बाजूचेच" म्हणून मोकळा होऊ लागलो. मेयोतून बघितलं तर मालवण आणि सदाशिव पेठ यांच्यात एका भिंतीचंच अंतर आहे.

रविवारी क्रो पॅट्रिक डोंगर पाहिला. उंची 764 मीटर. मी लगेच आमचा सिंहगड तेराशे मीटरच्या वर असल्याचं सांगून टाकलं. जावयाने मोबाइल काढला. सिंहगडाची ती उंची समुद्रसपाटीपासूनची. पायथ्यापासून मोजला तर साडेसातशेच्या आसपास. हा डोंगर मात्र समुद्राकाठूनच उभा. म्हणजे सामना बरोबरीत सुटला. फरक एवढाच की वर पिठलं-भाकरी नाही, कांदाभजी नाही, दहीही नाही. तिथे संत पॅट्रिकने चाळीस दिवस उपास केला म्हणतात. करणार काय बिचारा!

आणि सोमवारी, 28 ऑक्टोबरला, वसुबारस होती.

पुण्यात आमच्या सोसायटीत गाय-वासरू टेम्पोतून येतं आणि बायका रांगेत उभ्या राहून पाच मिनिटांत पूजा उरकतात. इथे प्रश्न सुटलाच म्हणून ही खुशीत होती. 2022 च्या जनगणनेत या देशात माणसं 51 लाख भरली. गुरं त्याहून जास्त. खिडकी उघडली की गाय. पण हिला हवी होती सवत्स धेनू. जवळच्या दूधवाल्याकडे गाई भरपूर, पण तिथे वासरं वसंताच्या तोंडाशी जन्मतात आणि लगेच वेगळी काढतात. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे मांसासाठी पाळलेल्या गाई निघाल्या. त्यांची वासरं अजून आईबरोबर होती. "मांसासाठी" हा शब्द जावयाने गाळला. मीही गाळला.

म्हातारबुवांनी आधी चहाला बसवलं. पुण्यात पाहुणा "नको" म्हणाला की विषय संपतो. तिथे ते तिसऱ्या "नको"पर्यंत ऐकूच येत नाही. आता, वसुबारशीला हिला गहू चालत नाही. गाईचं दूध, दही, तूप चालत नाही. टेबलावर आलं ते असं: दुधाचा चहा, ताकात भिजवलेल्या गव्हाचा सोडाब्रेड, त्यावर बोटभर लोणी, आणि हॅलोविनचा मनुका घातलेला बार्मब्रॅक. एकाच ताटात एवढा निषिद्ध पदार्थ कोणी ठरवूनही मांडला नसता. आईने बाजरीची भाकरी खाल्लीय, पोट भरलंय, असं मुलीने परोपरीने सांगितलं. हिच्या वाटचं मी खाल्लं. बार्मब्रॅकमध्ये अंगठी दडवलेली असते. ज्याच्या तुकड्यात निघेल त्याचं वर्षभरात लग्न. ती माझ्या दाताखाली आली. म्हातारबुवांनी टाळ्या वाजवल्या. हिने नुसतं पाहिलं.

मग मुहूर्त. आदल्याच पहाटे देशभर घड्याळं तासभर मागे गेली होती, त्यामुळे दाते पंचांगातला प्रदोषकाळ कशात मिळवायचा नि कशातून वजा करायचा, हे मी कागदावर मांडायला घेतलं. "अहो, सूर्य बुडाला की प्रदोष," ही म्हणाली आणि बूट चढवून निघाली. सूर्य पाचनंतर लगेच बुडालाच.

वासराची आई शिंगावर घेते, शिंगं नसली तरी घेते, म्हणून कुरणात जायला मनाई. पूजा फाटकावरून. गाईच्या दोन्ही कानांत पिवळे बिल्ले. तिथे प्रत्येक गुराला सरकारी पासपोर्ट असतो, तोही वासरू असतानाच. मला मिळाला साठीच्या घरात. मी तिला मनोमन हात जोडले. अटलांटिकचा वारा निरांजन टिकू देईना. चौथी काडी विझल्यावर म्हातारबुवांनी ट्रॅक्टर आणला, दोन्ही दिवे गाईवर सोडले, आणि त्या उजेडात औक्षण झालं. गाईने हळद-कुंकू लावून घेतलं, तांदूळ फुंकरले आणि हिच्या ओटीतली कोबीची पानं ओढली.

म्हातारबुवा कुंकवाकडे बराच वेळ बघत होते. मग जावयाला काहीतरी म्हणाले. मेयोचं इंग्रजी आम्हाला जावयामार्फतच कळायचं. त्याने मला बाजूला घेतलं. "आमच्याकडे मेंढ्यांना या दिवसांत लाल रंग लागतो," म्हातारबुवांचं म्हणणं, "पण मागच्या बाजूला. नराच्या छातीला रंग फासून सोडतो आम्ही, म्हणजे कोणाचं काम झालं ते सकाळी मोजता येतं."

"काय म्हणाले हो?" हिने विचारलं.

"रंग छान आहे म्हणाले, आई," जावई म्हणाला. हिने पुडीतलं उरलेलं कुंकू म्हातारबुवांना देऊन टाकलं.