पंचेचाळीस लाख कोटी आणि एक रेनकोट

आमच्या सोसायटीच्या सभेत गेल्या खेपेला वॉचमनच्या रेनकोटवर पाऊण तास खल झाला. आठशेचा घ्यायचा की साडेपाचशेचा? जोशीकाकूंनी जुना रेनकोट पिशवीतून काढून सगळ्यांना भोक दाखवलं. खजिनदाराने भोकात बोट घालून खात्री केली. मगच ठराव.

लोकसभेत असला चेंगटपणा नाही. २३ मार्च २०२३ रोजी सुमारे ४५ लाख कोटी रुपयांच्या खर्चाच्या मागण्या चर्चेविना, काही मिनिटांत मंजूर झाल्या. राहुल गांधींनी माफी मागावी म्हणून सत्ताधारी ओरडत होते, अदानी प्रकरणी संयुक्त संसदीय समिती हवी म्हणून विरोधक. एवढ्या कलकलाटात संरक्षण काय, शेती काय, कोण कुणाचं ऐकणार?

चर्चेविना मंजुरीच्या या सोयीला गिलोटिन म्हणतात. फ्रान्सात त्या नावाच्या यंत्राने राजाचं डोकं उडवलं, आपल्याकडे फक्त चर्चेचं उडतं. सरकारचं डोकं शाबूत. ही कळ याच सरकारने शोधली असंही नाही, आधीच्यांनीही ती हौसेने दाबली आहे.

खासदाराला खर्चाला कात्री लावायचा हक्क मात्र आहे हं! एखादी तक्रार मांडायची तर मागणीत कपात सुचवता येते: रुपये १०० फक्त. लाखो कोटींतले शंभर. त्याही सूचना आवाजी मतदानात एकगठ्ठा वाहून जातात.

आमच्या जोशीकाकूंना एकदा दिल्लीला पाठवावं म्हणतो. पिशवीसकट.