ऊब, २० अंश सेल्सिअस

मुंबईत हिवाळा नसतो असं म्हणणाऱ्यांनी एकदा कलासंग्रहालयात जावं. तिथे तो असतो. सोमवार सोडून रोज, दहा ते सहा, तिकीट काढून.

परवा वाळव्याच्या आत्याला घेऊन अशाच एका ‘हिवाळी कलापर्वा’ला गेलो. बाहेर ३२ अंश, दोघंही घामाघूम. दालनाचं काचेचं दार ढकललं आणि आत्याने पदर कानांवरून ओढून घेतला तो बाहेर पडेपर्यंत सोडला नाही. प्रदर्शनाचं नाव होतं ‘ऊब’.

‘ऊब’ म्हणजे भिंतीवर टांगलेल्या २४ गोधड्या. आत्याच्या भाषेत वाकळा. वरून मंद दिवे, पुढे आडवी दोरी आणि छतातून न थांबता येणारा गार वारा. आत्याने मान वर करून सगळं एकदा पाहून घेतलं. “आरं, वाळत घातल्यात व्हय? हितं तर ऊन न्हाई.”

मी शहरातला, शिकलेला. समजावून सांगितलं. उजेडानं कापडाचा रंग उडतो आणि उडालेला रंग परत येत नाही, म्हणून जुन्या वस्त्रांवर ५० लक्सच्या वर उजेड टाकायचा नाही, हा जगभरचा दंडक आहे. मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरते, कसर लागते, म्हणून हवा गार आणि कोरडी. हाताचा घाम आणि तेल सुतात उतरतं, म्हणून दोरी. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं आणि सांगताना मला स्वतःबद्दल बराच आदर वाटत होता. आत्या ऐकून म्हणाली, “म्हंजी माणसाला थंडी वाजू न्हाई म्हून वाकळ, आन् वाकळंला काय हू न्हाई म्हून माणसाला थंडी.”

मी माहितीपत्रक उघडलं. दालनात खुर्ची एकच, ती रखवालदाराची. अंगात लोकरीचा स्वेटर, गळ्यात मफलर, डोक्याला कानटोपी. डिसेंबरच्या मुंबईत इतकं अंगावर चढवून कोरडा राहणारा तो बहुधा एकटाच माणूस. त्याच्या मागे २४ वाकळा. हात लांब केला असता तर एक ओढून घेता आली असती, पण नोकरी होती ती कुणी ओढू नये म्हणूनच.

सात नंबरच्या वाकळेसमोर मात्र मी खिळून राहिलो. शेजारची पाटी अशी : इरकली लुगडं, खण, धोतर, मांजरपाट. हाताचा धावदोरा. दक्षिण महाराष्ट्र, विसाव्या शतकाचा मध्य. आणि खाली, तिरप्या अक्षरात : ‘मध्यभागी सेंद्रिय डाग. वस्तूच्या जीवनप्रवासाची साक्ष म्हणून जतन केला आहे.’

वाचकहो, तो डाग तुम्हाला ठाऊक आहे. मलाही आहे. आमच्याकडे त्याला नकाशा म्हणत. सकाळी वाकळ दगडी कुंपणावर पडली की अख्ख्या आळीला कळायचं, आज कुणी देश जिंकला. त्या नकाशाला आता २० अंशांची हवा, ५० लक्सचा उजेड आणि तिरपी अक्षरं. माझ्या डोळ्यांपुढून ती बैठक हलेना. झालीच असणार बैठक. धुवावी की न धुवावी यावर दोन तट पडले असणार. एकानं रसायनतज्ज्ञ बोलवा म्हटलं असणार, दुसऱ्यानं डाग पुसणं म्हणजे इतिहास पुसणं असं म्हणत चष्मा काढला असणार, आणि चहा गार होईपर्यंत ‘मूत्र’ हा शब्द एकाच्याही तोंडून निघाला नसणार. मग विम्याच्या कागदावर नोंद : डाग, एक, मध्यम आकार, स्थिर. मग दिव्याचा कोन डागावर बेतून घेतला असणार. आणि ज्यानं तो काढला तो? पहाटे पाठीत धपाटा खाल्लेला तो चार वर्षांचा कारागीर आज पंचाहत्तरीला आला असेल. रविवारी नातवाला घेऊन इथेच येत असेल. सात नंबरसमोर उभा राहून, मागे हात बांधून, ‘जीवनप्रवासाची साक्ष’ वाचून गंभीरपणे मान डोलावत असेल आणि नातवाला सांगत असेल, बघ, अशा गोष्टी जपायला हव्यात. नातवाच्या हातात संग्रहालयानं दिलेला बालकागद. त्यावर प्रश्न तिसरा, आणि हा मी रचलेला नाही, तिथे छापलेला होता : ‘या डागाचा आकार तुला कशासारखा वाटतो? चित्र काढ.’ माझ्यासमोर एका मुलीनं हत्ती काढला. तिला चिकटचित्र मिळालं. मला माझ्या वेळी धपाटा मिळाला होता, आणि माझा हत्ती जास्त चांगला होता.

बालकागद ज्यांना मिळतो त्यांना ‘कुटुंब’ म्हणतात. कुटुंब म्हणजे दोन मोठे आणि दोन लहान, तिकीटखिडकीवर तसं लिहिलंच आहे. आत्या आणि भाचा हे कुटुंब नाही, ती दोन सुटी माणसं. तरी आम्ही ‘चला, गोधडी शिवू या!’च्या टेबलापाशी जाऊन उभे राहिलो. वयोगट ६ ते १२, सोबत पालक. टेबलावर कापून ठेवलेले फेल्टचे चौकोन आणि डिंकाच्या बाटल्या. आत्याने टेबल पाहिलं, टेबलाखाली पाहिलं. “सुई कुठं हाय?”

सुई नव्हती. सुई टोचते. संयोजक मुलीनं फार गोड आवाजात सांगितलं की मॅम, सेफ्टी इश्यू आहे, आपण इथे ‘शिवण्याचा अनुभव’ देतो. डिंकानं. त्या टेबलावर वीसेक मुलं होती आणि त्यांच्या मागे चाळीस पालक मोबाइल धरून होते, आणि साठांपैकी एकालाही दाभणात दोरा ओवता येत नव्हता. जिला येत होता तिला सांगण्यात आलं की आजींनी कृपया रेषेच्या मागे उभं राहावं, फोटोत येताय.

व्याख्यानही ऐकलं. विषय ‘शिवण, स्मृती आणि मौन’. मौन फक्त श्रोत्यांचं होतं. तासभर इंग्रजीतून आम्हाला कळलं की वाकळ ही लिहिता न येणाऱ्या बायकांची भाषा आहे, आणि त्या भाषेतली एक जाणती बाई तिसऱ्या रांगेत ‘आता काय म्हणाला?’ असं मला दर पाच मिनिटांनी विचारत होती. पण एक सांगायला हवं, एका चित्रापाशी ती पुढे सरकून बसली. उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायकांच्या कवंद्या. चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या चिंध्यांचे त्रिकोण, त्यांना ‘फुला’ म्हणतात. ते नसले तर कवंदी नागडी राहिली, असं त्या बायका मानतात. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मंग बरोबर हाय.” त्या दिवसात तिला पटलेली ती एकच गोष्ट.

परत दालनात आलो, कारण आत्याला सात नंबर पुन्हा पाहायची होती. डागासाठी नव्हे. तिने दोरीवरून वाकून बोट हवेत फिरवलं. कडेपासनं सुरू केलीय, चौकोनी फिरत आत आलीय. हितपातूर टाका बारीक, हितनं फुडं ढिला. “दोघींनी शिवलीय. सासू बसली आसंल कडंला, सून आत. सुनंला निजायची घाई.” रखवालदार उठून आमच्या शेजारी येऊन उभा राहिला. आम्हाला वाटलं हटकणार. त्यानं मफलर सोडला आणि तोही बोटामागे बघू लागला.

मी पाटी पुन्हा वाचली. ‘कर्ती : अनामिक.’

चोवीसच्या चोवीस पाट्यांवर तेच. इथून पुढे मला विनोद सुचत नाही, माफ करा. दारापाशीच्या भिंतीवर माणूसभर उंचीची नामावळी आहे : संकल्पना कुणाची, प्रकाशयोजना कुणाची, अक्षररचना कुणाची, चहा कुणाकडून. प्रत्येक वाकळेखाली ती ज्यांच्या संग्रहातून आली त्यांचं नाव, आडनावासकट. अजिंठ्याच्या भिंती रंगवणाऱ्यांची नावं नाहीत हे मी समजू शकतो, दीड हजार वर्षं झाली. ही बाई १९५० साली चूल फुंकत होती! ज्या घरातून वाकळ उचलली त्या घराला दार होतं, दारात माणूस होता, आणि त्याला ‘कुणी शिवली?’ हे दोन शब्द विचारायला कोणतं अनुदान लागत होतं? १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीआधी मतदारयादीतून सुमारे २८ लाख बायका वगळाव्या लागल्या, बहुतेक उत्तरेकडच्या, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची बायको, तमक्याची आई’ एवढंच सांगितलं होतं. नाव नाही तर मत नाही, इतकं तरी सरकार सरळ होतं. वाकळ घ्यायला नाव लागत नाही. डागाची नोंद आहे, त्याचा आकार मोजलेला आहे, तो स्थिर आहे हे कुणीतरी दर सहा महिन्यांनी तपासत असेल. आणि अनामिकसुद्धा धड मोजलेल्या नाहीत, दोघींची मिळून एकच लिहिली आहे.

हे सगळं मी तिथे बऱ्याच मोठ्यानं बोललो असणार, कारण ती गोड आवाजाची मुलगी आली आणि म्हणाली, सर, अभिप्रायवही बाहेर आहे.

वही बाहेर होती, म्हणजे उन्हात, आणि आत्याला तेवढंच हवं होतं. रकाने तीन : ‘नाव (ऐच्छिक)’, ‘अभिप्राय’, ‘सूचना’. मी पेन घेतलं तर तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं. सावकाश, शाळेतल्या अक्षरात, तिने आधी स्वतःचं नाव लिहिलं, मग नवऱ्याचं, मग आडनाव, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड. ऐच्छिक रकान्यात ते मावेना म्हणून अभिप्रायाचा रकानाही त्यातच गेला. मागे रांग लागली होती. उरलेल्या सूचनेच्या रकान्यात तिने लिहिलं : ‘आत थंडी फार. सात नंबरची धुऊन घ्यावी.’