बदलीची सायकल

वाराणसीत डोंगर नाही. ही बातमी मला बायकोनं दिली, घरमालक काकांनी दिली, आमच्या शाखेच्या रखवालदारानं दिली आणि सोनारपुऱ्यातल्या सायकल मिस्त्रीनं दोनदा दिली. दुसऱ्यांदा जरा आवाज चढवून, कारण पहिल्यांदा मला ऐकू आलं नसावं अशी त्याची समजूत झाली. माउंटन बाइकची नुसती फ्रेम घ्यायची आणि मग एकेक भाग जोडत सायकल उभी करायची, हा बेत मी ज्याला ज्याला सांगितला त्याच्या चेहऱ्यावर आधी भूगोल उमटला आणि मग दया.

आम्ही राहतो अमृतराव घाटाच्या वरच्या अंगाला. हे नाव रिक्षावाल्याला सांगून उपयोग नाही. त्याच्या, पालिकेच्या आणि नकाशाच्या लेखी हा राजा घाट. फक्त आमचे काका, ज्यांच्या कितीतरी पिढ्या काशीत गेल्या आणि तरी ज्यांच्या आमटीत अजून गूळ पडतो, ते हट्टानं अमृतराव घाट म्हणतात आणि पत्त्यातही तसंच लिहितात. त्यांची निम्मी पत्रं त्यामुळेच गंगार्पण होतात.

अमृतराव म्हणजे राघोबादादांचे दत्तक पुत्र. दत्तकविधी उरकून काही वर्षं होतात न होतात तोच, १७७५ साली, दादांना पोटचा मुलगा झाला, तोच पुढचा दुसरा बाजीराव, आणि अमृतरावांची नेमणूक कायमची राखीव यादीत गेली. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांनी बाजीरावाच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. बाजीराव पळाला. पुण्याच्या कारभाराला माणूस हवा होता, अमृतराव बसले. डिसेंबरअखेर बाजीरावानं वसईला इंग्रजांशी तह केला, एप्रिल १८०३ मध्ये त्यांचा सेनापती वेलस्ली पुण्यात दाखल झाला, अमृतराव उठले. इंग्रजांनी त्यांना वर्षाला सात लाखांचा तनखा लावून दिला, बुंदेलखंडात कर्वीला बस्तान बसवून दिलं, आणि १८२४ साली ते काशीत वारले. काका हा सगळा इतिहास पेशवाई बुडाल्याच्या स्वरात सांगतात. मला त्यात बदलीचे आदेश दिसतात. फरक एवढाच की आमच्या बँकेत बदलीबरोबर सात लाख देत नाहीत.

आणि या बदलीच्या माणसानं काय केलं, तर जाताना बरोबर नेता येणार नाही असा दगडी घाट बांधला! मी त्यांच्यापेक्षा व्यवहारी आहे. माझीही बदली कधी साताऱ्याला, कधी भुजला, कधी आसामात होऊ शकते. आमच्या घरात जे घडी होत नाही, सुटं होत नाही किंवा ट्रकच्या टपावर बांधता येत नाही, ते घेतलं जात नाही. म्हणून सायकलही अशी हवी की आज गंगेपल्याडची रेती, उद्या सिंहगडाचा चढ आणि परवा पुढच्या आदेशात लिहिलेला चिखल, सगळं एकाच फ्रेमनं निभावावं. शोध घेता घेता मी पोलादी हार्डटेलपाशी येऊन थांबलो.

हार्डटेल म्हणजे पुढच्या फोर्कला सस्पेन्शन आणि मागे काहीही नाही. मागचे धक्के आपण आपल्या गुडघ्यांनी पचवायचे. मी हे मिस्त्रीला कौतुकानं समजावलं. त्याच्या दुकानात पोराटोरांच्या सायकलींनासुद्धा मागेपुढे स्प्रिंगा होत्या. तो म्हणाला, “पीछे वाला शाकर ना हौ? तब त पइसा कम लेत होई?” पैसे कमी घेत नाहीत. चाकं, हँडल, सीट, पेडल, चेन यांतलं काहीही न देता नुसत्या फ्रेमचे जे पैसे घेतात, त्यात त्याच्या दुकानातल्या सायकली आम्हा घरातल्या सगळ्यांना आल्या असत्या आणि काकूंनाही एक देता आली असती. हा हिशेब मी त्याला सांगितला नाही. बायकोनं सांगितला.

पोलादच का, हे मात्र मी कोणालाही, कधीही सांगू शकतो, आणि सांगतोच. अ‍ॅल्युमिनियमचं वजन पोलादाच्या साधारण तिसरा हिस्सा. पण ताठपणाही तिसराच हिस्सा. म्हणून त्याच्या नळ्या फुगवाव्या लागतात. पोलादाची नळी सडपातळ राहते आणि खडबडीत वाटेवर किंचित लवते. शिवाय पोलादाला थकव्याची एक मर्यादा असते: ताण त्या मर्यादेखाली राहिला तर तो कितीही वेळा येवो, पोलाद मनावर घेत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. लहानसहान खड्डाही त्याच्या खात्यावर पडतो आणि हिशेब कधीतरी पुरा होतो. बँकेत केस पिकवलेल्या माणसाची सहानुभूती कुणाकडे असावी, हे वेगळं सांगायला नको.

यातलंही बरं पोलाद म्हणजे क्रोमोली. ४१३० या नंबरानं ते ओळखलं जातं. त्यात टक्काभर क्रोमियम आणि चिमूटभर मॉलिब्डेनम असतं. नळ्या टोकांना, म्हणजे जिथे जोड येतो तिथे, जाड आणि मध्ये पातळ करायची युक्ती बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स मंडळींनी १८९७ सालीच काढली. खिळे करणारं घराणं ते! त्यांच्या १९३५ सालच्या ‘५३१’ नळ्यांचं नाव काढलं की काही वयस्क सायकलवाले अजून हळवे होतात. मी काकांनाही हळवं करून पाहिलं. त्यांनी विचारलं, “वजन किती?” म्हटलं, अडीच किलोच्या आसपास. “अडीच किलो लोखंडाला एवढे? भंगारवाल्याला कळलं तर तो काशीत राहणार नाही, हिमालयात जाईल.”

खरी परीक्षा पुढे होती. फ्रेम निवडायची म्हणजे तिची भूमिती बघायची. हेड अँगल, सीट अँगल, रीच, स्टॅक, चेनस्टे, बॉटम ब्रॅकेटची उंची, असं एक कोष्टक प्रत्येक फ्रेमबरोबर येतं. त्यातली काही मी छापून घेतली होती. काकांनी टेबलावरचा कागद उचलला, चष्मा कपाळावरून खाली घेतला, आकडे न्याहाळले आणि विचारलं, “मुलगी कुठली?”

त्यांचं काही चुकलं नाही, पत्रिकाच ती. हेड अँगल, म्हणजे पुढच्या फोर्कचा कल, ६४ अंश असला तर उतारावर पोरगी शांत, पण सपाटीवर आणि मंद चढावर तिचं पुढचं चाक भटकतं. ६९ असला तर चढाला हुशार, उतार दिसला की हातपाय गाळते. चेनस्टे, म्हणजे पेडलच्या आसापासून मागच्या चाकापर्यंतची नळी, आखूड म्हणजे चपळ. लांब म्हणजे संसारी. त्यातून फोर्क दबला की पुढची बाजू खाली येते आणि सगळेच कोन बदलतात, म्हणजे लग्नानंतरचं वागणं पत्रिकेत नाहीच. आणि विकणारे तर प्रत्येकीबद्दल एकच लिहितात: सगळं काही करते. चढ, उतार, लांबचा प्रवास, सामान, रोजचं ऑफिस. गृहकृत्यदक्ष, नोकरी सांभाळून.

या ‘सगळं करते’ प्रकरणात मला एक स्थळ विशेष आवडलं. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या सर्ली कंपनीची ‘कराटे मंकी’. हिला २९ इंची चाक चालतं आणि २७.५ इंची लठ्ठ टायरही चालतो. पण कळस आहे तो मागच्या चाकाच्या जागेत. हल्ली मागच्या हबची रुंदी काही फ्रेमना १४२ मिलिमीटर लागते, काहींना १४८. या सहा मिलिमीटरांपायी जगभरच्या सायकलवाल्यांची जुनी चाकं माळ्यावर गेली. सर्लीनं जागा ठेवली १४५. म्हणजे धड हेही नाही आणि तेही नाही. १४२ घातलं तर पोलाद दीड-दीड मिलिमीटर आत येतं, १४८ घातलं तर तेवढंच बाहेर सरकतं. अ‍ॅल्युमिनियमला असं वाकायला सांगून बघा. मला ती फ्रेम साक्षात अमृतराव वाटली: कोणाचीच नाही, म्हणून कोणालाही चालणारी. हे मी मोठ्यानं बोललो आणि काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

बायको बोलत होती. अमृतराव घाटाला लागून नारद घाट आहे. नवरा-बायकोनं तिथे जोडीनं स्नान केलं तर त्यांचं भांडण होतं, अशी काशीत पक्की समजूत आहे. आम्हाला स्नानाची गरज पडली नाही, पेडलचा आस ज्यात फिरतो तो बॉटम ब्रॅकेट पुरला. तो आट्यांचा असावा की दाबून बसवायचा, यावर मी आट्यांच्या बाजूनं बोलत होतो, कारण आट्यांचा असला तर भुजपासून आसामपर्यंत कुठलाही मिस्त्री पान्यानं उघडेल. ती म्हणाली, “अरे, पण तू तो उघडणार कशासाठी?” या प्रश्नाला आजवर एकाही सायकलवाल्याला उत्तर देता आलेलं नाही.

मग हँडलची रुंदी. आजकालच्या माउंटन बाइकचं हँडल ७८० मिलिमीटर असतं. मी टेप घेऊन आमच्या गल्लीत उतरलो. सगळ्यात अरुंद जागी हँडल जात होतं, म्हणजे एकटं. समोरून सांड आला तर कोणाला तरी मागे जावं लागतं, आणि काशीच्या सांडाला रिव्हर्स नसतो. एक जुनी म्हण या शहरात ज्यांच्यापासून जपून राहायला सांगते त्यात सांड आहे आणि पायऱ्याही आहेत. म्हणीच्या कर्त्यानं हार्डटेल खांद्यावर घेतलेली नव्हती, नाहीतर पायऱ्यांचा नंबर वर लागला असता.

कारण पायऱ्या हाच इथला चढ आहे. पायऱ्यांवरून सायकल उडवत नेण्याचा माझा मुळीच विचार नाही. गुडघे माझे आहेत आणि भाविक परक्यांचे. पण पलीकडच्या रेतीवर जायचं तर सायकल खांद्यावर घेऊन खाली होडीपर्यंत उतरायचं आणि परतताना तशीच वर आणायची. मग वरची नळी खांद्यावर नीट बसते का, आतल्या त्रिकोणात हात जातो का, हेही पत्रिकेत बघावं लागतं. आणि ज्यांना वाराणसीत डोंगर दिसत नाही त्यांनी या पायऱ्यांकडे जरा निरखून पाहावं. हा चुनारचा वालुकाश्म आहे. विंध्याच्या टेकड्या फोडून चुनारहून काढलेला दगडच इथल्या घाटांना लागला आहे. डोंगर नव्हता कुठला? बदली होऊन आलाय.

या शोधात मला सगळ्यात जास्त अपमानित केलं ते दूधवाल्याच्या काळ्या सायकलीनं. आमच्या २९ इंची चाकाचा केवढा गाजावाजा झाला: मोठं चाक, खड्डे सहज ओलांडतं. या चाकाची रिम ६२२ मिलिमीटरची. दूधवाल्याच्या सायकलला म्हणतात २८ इंची, आणि तिची रिम भरते ६३५. हेड अँगल म्हणाल तर तिचाही ढळलेलाच, आणि चेनस्टे इतका लांब की मध्ये एक कॅन बसावा. दूधवाला मात्र तिला ‘ट्रेल जॉमेट्री’ म्हणत नाही, म्हणून त्याला ती स्वस्तात मिळाली. तशी माउंटन बाइक जन्मली तीही असल्याच जड, जुन्या सायकलींतून. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीतली पोरं १९७६ पासून एका कच्च्या उतारावर शर्यती लावत, आणि उतार संपेपर्यंत मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जाई, म्हणून दर खेपेला हब नव्यानं भरावा लागे. त्यांच्यातल्या जो ब्रीझनं १९७७ मध्ये खास या कामासाठी फ्रेम बांधली, आणि तीही क्रोमोलीची. हे मी दूधवाल्याला सांगितलं. त्यानं अर्धा लिटर ओतला आणि मागच्या महिन्याचे राहिलेले पैसे मागितले.

पोलादाचं एकच दुखणं, गंज. आणि आमचं घर अशा ठिकाणी की पावसाळ्यात गंगा पायऱ्या खालून एकेक गिळत वर येते. काशीत धोक्याची पातळी ७१.२६ मीटर, १९७८ साली पाणी ७३.९० पर्यंत चढलं होतं, आणि काका तो आकडा घरातल्या वाढदिवसांसारखा पाठ म्हणतात. पूर ओसरला की घाटांवर गाळाचे थर उरतात, ते पंपांनी धुऊन काढतात. या हवेत पोलादी नळी आतून गंजते, म्हणून तिच्या पोटात तेल फिरवून ठेवावं लागतं. काकूंनी त्यावर जवसाचं तेल सुचवलं, आणि ते खरोखरच जुन्या सायकलवाल्यांचंही औषध आहे! या सगळ्या व्यवहारात अजून एवढंच एक वाक्य सर्वांना एकाच वेळी पटलं आहे.

शेवटी निवड झाली ती भूमितीवर नाहीच. बायकोनं सगळे कागद बाजूला सारले आणि तीन गोष्टी विचारल्या. मागे कॅरिअर लावायला भोकं आहेत का? आहेत. सुटी करून किती खोक्यांत बसते? एका, चाकं काढून. बदलीच्या सामानात वजनावर धरतात की नगावर? हे मी आमच्या प्रशासन विभागाला विचारून आलो. विचारणा ऐकून तिथल्या साहेबांनी माझी बदली मागण्याची इच्छा आहे असं टिपून घेतलं.

६६ अंशांची, आट्यांच्या बॉटम ब्रॅकेटची, मागचं चाक पुढेमागे सरकवता येणारी एक क्रोमोली फ्रेम मागवायचं ठरलं. रंगात तीन पर्याय होते. काकांनी भगवा सुचवला, मला काळा हवा होता. बायकोनं तांबूस तपकिरी निवडला, म्हणजे गंज चढला तरी पुढच्या गावी कोणाला कळणार नाही.